ताई, तुम्ही किती दिवस आहात?

सकाळी सहा

आज घरभेटीला लवकर निघायचंय, म्हणून चहा ठेवला आणि आधी फाईल घेतली. नववीतली मुलगी. वडील नाहीत, आई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली, घरी आजी आणि चौथीतला भाऊ. बालसंगोपन योजनेचं प्रकरण. फाईल जाड झालीय, प्रकरण मात्र जागेवरच आहे. आत तीन वेगळ्या हस्ताक्षरांतले तीन गृहचौकशी अहवाल. तिन्हींत सुरुवातीला विचारलंय, वडील कधी आणि कसे वारले. उत्तरही तेच, विहिरीच्या खोदकामावर दरड कोसळली. पहिल्या अहवालात हे सांगताना मुलगी रडल्याची नोंद आहे. दुसऱ्यात ती गप्प बसून होती. तिसऱ्यात लिहिलंय, ‘बालिकेने व्यवस्थित माहिती दिली.’ वडिलांचं मरण एखाद्या पोरीला इतकं नीट सांगता येऊ लागतं, तोवर ते तिला कितीजणांपुढे सांगावं लागलं असेल?

अहवाल लिहिणारे तिघेही आज कामावर नाहीत. एकजण तलाठी झाला. एकजण पुण्याच्या एका कंपनीच्या सीएसआरमध्ये आहे. तिसरीच्या कराराची मुदतवाढ अडकली, चार महिने मानधन आलं नाही, तिने शेवटी शाळेत नोकरी धरली. तिघंही कामाला चांगली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्यांचं जाणं हा कामचुकारपणा नव्हता.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी आहे. 2009-10 साली केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली, तिच्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत हे कक्ष उभे राहिले. आता त्या योजनेचं नाव मिशन वात्सल्य. संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते, लेखापाल अशी जेमतेम डझनभर माणसं आणि अख्खा जिल्हा. जवळजवळ सगळी कंत्राटी. सामाजिक कार्यकर्त्याचं मानधन महिन्याला 18,536 रुपये, क्षेत्रीय कार्यकर्त्याचं 10,592. पदव्युत्तर शिकलेली मुलगी एवढ्या पैशांत जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहते, स्वतःच्या स्कूटरवर वाड्यावस्त्या फिरते, आणि मग आपण विचारतो की माणसं टिकत का नाहीत.

सव्वासात

एसटी स्टँडवर आमची नवी सामाजिक कार्यकर्ती आधीच येऊन थांबलेली. पौषातली थंडी, तोंडाला स्कार्फ. गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, “मॅडम, फाईल मी काल घरी नेली होती. त्यात बँकेचं एक त्रुटीपत्र आहे, बघितलंत का? आईचं नाव आधारवर वेगळं आणि पासबुकवर वेगळं. दुरुस्ती करून द्या म्हणून बँकेने कळवलंय. त्या पत्राला उत्तरच गेलेलं नाही.”

म्हणजे बाल कल्याण समितीचा आदेश झालेला, महिन्याला 2,250 रुपये मंजूर, आणि पैसा एका काना-मात्रेपायी अडकलेला. पत्र आलं तेव्हा पहिला कार्यकर्ता निघून गेला होता, दुसरा रुजू व्हायचा होता. तो आल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून घरभेट केली. तिसरीनेही तेच. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि मुलीच्या हाती काही पडलं नाही. माणूस गेलं की कामाची आठवण जाते. कागद मागे राहतो, पण त्यात काय शोधायचं हे सांगणारं कुणी उरत नाही.

आमची ही कार्यकर्ती एमएसडब्ल्यू झालेली आहे. रुजू झाल्या आठवड्यातच मला तिचं शिक्षण दिसलं, आणि ते पदवीच्या कागदात नव्हतं. ती घरी जाण्याआधी जुनं सगळं वाचते. भेटीनंतर त्याच दिवशी लिहिते. लिहिताना डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं ठेवते आणि स्वतःला वाटलेलं वेगळं. समाजकार्याच्या महाविद्यालयात आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असतं. संस्थेत किंवा वस्तीत जायचं, आल्यावर सविस्तर नोंद लिहायची आणि ती घेऊन मार्गदर्शक शिक्षकांपुढे बसायचं. त्याला पोरं ‘कॉन्फरन्स’ म्हणतात आणि त्या दिवशी घाबरलेली असतात. कारण शिक्षक विचारतात, इथे तू गप्प का झालास? ही बाई रडली तेव्हा तू विषय का बदललास?

आपल्याकडे हे शिक्षण सुरू झालं तेच वस्तीच्या कुशीत. 1936 साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, आजचं टिस. पुढे 1955 साली निर्मला निकेतन, 1963 साली पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था. आज ज्या 1098 वर देशभरातून मुलांसाठी फोन येतात, ती चाइल्डलाइनसुद्धा 1996 साली टिसचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणूनच मुंबईत सुरू झाली. बाल संरक्षणातली मोलाची कल्पना विद्यार्थी आणि शिक्षकांच्या हातून, रस्त्यावरच्या मुलांच्या सोबतीने आलेली आहे, हे नव्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते.

नऊ

पत्र्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आजी चुलीपाशी. मुलगी भावाच्या दप्तराला सुई-दोरा घालत बसलेली, बंद तुटला होता. आम्हाला बघून ती उठली, आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बोनाफाईड, पासबुक. कुणी काही विचारायच्या आत तिने सगळे कागद ओळीने मांडले आणि बोलायला लागली, “वडील विहिरीच्या कामावर...”

आमच्या कार्यकर्तीने हात किंचित वर केला. “ते मी वाचलंय गं. ते आज नको सांगूस. आधी दप्तर शिवून घे, त्याला शाळा असेल ना?”

ती पोरीसमोर जमिनीवर बसली आणि बंदाचं दुसरं टोक धरून ठेवलं. सुई आरपार जात नव्हती, तेव्हा आजीने आतून दाभण आणून दिलं. दहा मिनिटं योजनेबद्दल अवाक्षर नाही. त्या दहा मिनिटांत कळलं की पाणी दोन हापशांपलीकडून आणावं लागतं, आजीला रात्री दिसत नाही, आईचा फोन आठवड्यातून एकदा मुकादमाच्या मोबाइलवरून येतो, आणि गणिताचे सर ‘तू दहावीला बसशीलच’ म्हणालेत. आई एकटीच तोडीला जाते म्हणून तिचा अर्धा कोयता धरतात आणि उचलही तेवढीच कमी मिळते. आजीने हेही बोलता बोलता सांगितलं की एका नातेवाइकाने मुलीसाठी स्थळ सुचवलंय. ज्या बातमीसाठी बाल संरक्षणाचं सगळं जाळं विणलंय ती बातमी ही. तिन्ही जुन्या अहवालांत तिचा मागमूस नाही, कारण छापील प्रश्नावलीत स्थळाचा रकाना नसतो.

आजीशी मी बोलले. मुलीचं अठरा वर्षांआधी लग्न लावणं गुन्हा आहे, गावात ग्रामपंचायत अधिकारीच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि आईच्या फोनची वेळ मला कळवा, मी स्वतः तिच्याशी बोलते. आजी म्हणाली, “पोरगी शिकली तर मला का नको? पर रातच्याला हिला घरात ठिवायची कुणाच्या जिवावर, तेवढं सांगा मॅडम.” प्रश्न रास्त होता. शासकीय वसतिगृहातला प्रवेश, गावातल्या अंगणवाडीताईंची सोबत, मावशीचं घर असे पर्याय आम्ही तिथेच बसून काढले.

निघताना मुलीने कार्यकर्तीला विचारलं, “ताई, तुम्ही किती दिवस आहात?”

मला वाटलं ही आता ‘मी आहे ना’ म्हणेल. नवखं माणूस मायेपोटी तेच म्हणतं. ती म्हणाली, “मार्चअखेरपर्यंत माझा करार आहे. पुढचं मला आज सांगता येत नाही. पण जायची वेळ आली तर मी आधी इथे येऊन तुला सांगणार, आणि जी नवी ताई येईल तिला सोबत आणून तुझी ओळख करून देणार. तुला परत पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.”

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, दुसऱ्या वर्षाला. क्षेत्रकार्य संपताना बालगृहातल्या मुलांना न सांगता निघून आले होते, तर आमच्या मॅडमनी परत पाठवलं, निरोप घेऊन ये म्हणून.

अकरा

बाल कल्याण समितीची बैठक. अध्यक्ष आणि चार सदस्य. कायद्याने महिन्यातून किमान वीस दिवस बसावं लागतं. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढे आणायचं, आणि समितीने सांगितल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. 2015 च्या बाल न्याय कायद्याची ही मुदत मुलाच्या बाजूची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अर्ध्या जागा रिकाम्या असल्या की पंधरा दिवसांचा अहवाल एका संध्याकाळी लिहिला जातो, आणि समितीने त्यावरच ठरवायचं असतं की मूल घरी जाईल की बालगृहात.

आज तीन प्रकरणं होती. सकाळच्या मुलीच्या त्रुटीपत्राचंही मी तोंडी सांगितलं. अध्यक्ष मॅडमनी बँकेला पत्र द्यायला लगेच मंजुरी दिली.

दीड

डबे उघडले. आमचे क्षेत्रीय कार्यकर्ते, सगळे त्यांना काका म्हणतात, कक्ष सुरू झाल्यापासून आहेत. बारावी पास. जिल्ह्यातल्या कुठल्या तांड्यावर कुठल्या बाईला विचारलं की खरं कळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. शिक्षणाचा आणि टिकण्याचा संबंध आहे असं कुणी म्हटलं की काकांकडे बोट दाखवलं जातं. बघा, न शिकलेला माणूस टिकला. मला हे पटत नाही. काका टिकले कारण त्यांचं घर इथे आहे, चार एकर शेती आहे, आणि त्यांना दुसरीकडे कुणी घेणार नाही. या तिसऱ्या कारणावर कुठलंही खातं चालू नये. काकांनी गेल्या वर्षी इग्नूच्या बीएसडब्ल्यूला नाव घातलं. क्षेत्रकार्याच्या नोंदी त्यांनी मला दाखवल्या. लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणात मुलाला पोलीस ठाण्यात नेताना आपण काय करत आलो आणि खरं काय करायला हवं होतं, याची पाच पानं. त्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय, पण त्यावर त्यांना लिहायला पहिल्यांदाच कुणी सांगितलं. “मॅडम, आता कामात जीव लागायला लागला,” म्हणाले. इतक्या वर्षांनंतर.

अडीच

पोर्टल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आजच माहिती सादर करावी’. तीन नमुन्यांत तीच आकडेवारी. याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याने ही नोकरी केलीय त्याला माहीत आहे.

पोर्टल सुरू होईपर्यंत शनिवारच्या टिपणावर नजर टाकली. समाजकार्य महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायचंय. माणसं टिकण्याच्या प्रश्नावर अमेरिकेत बरंच काम झालंय, ते त्यांना सांगणार आहे. 1980 साली तिथे दत्तक सहाय्य आणि बालकल्याण कायदा झाला आणि ‘टायटल फोर-ई’ नावाची तरतूद आली. तिच्याखाली बालकल्याणाच्या कर्मचाऱ्यांच्या शिक्षण-प्रशिक्षणावरच्या खर्चातला 75 टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार राज्यांना देतं. त्यातून राज्यांनी विद्यापीठांशी करार केले. विद्यार्थ्याला फी आणि विद्यावेतन मिळतं, आणि त्याने पदवीनंतर ठरलेला काळ बालकल्याणात काम करायचं. कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकापासून ही व्यवस्था आहे. तरी 2003 साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला, त्यात बालकल्याणातल्या कर्मचाऱ्याची सरासरी नोकरी दोन वर्षांहून कमी असल्याचं नोंदलंय. कारणं कमी पगार, प्रकरणांचा ढीग, कागदी काम, हिंसेची भीती, आणि अपुरी देखरेख. वाचताना वाटत होतं आमच्याच कक्षात बसून लिहिलंय.

आणि अमेरिकेतल्याच मिलवॉकीची एक पाहणी. पालकांपासून दूर ठेवलेल्या ज्या मुलांचं प्रकरण एकाच कार्यकर्त्याकडे राहिलं, त्यांतल्या 74.5 टक्के मुलांना कायमचं घर मिळालं. कार्यकर्ता एकदा बदलला की हेच प्रमाण 17.5 टक्क्यांवर आलं. ज्याचं प्रकरण मुळात किचकट त्याचे कार्यकर्तेही जास्त बदलणार, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायला हवा. तरीही मला तो विसरता येत नाही. माझ्या टेबलावरच्या फाईलमध्ये तीन हस्ताक्षरं आहेत.

चार

दर बुधवारी चार ते पाच आम्ही केस कॉन्फरन्स घेतो. हा तास कुठल्या शासन निर्णयात नाही. मी तो सुरू केला तेव्हा ‘एवढा वेळ आहे का?’ असं विचारलं गेलं. या तासात फोन बाजूला, आणि आठवड्यातलं एकच प्रकरण. ज्याचं प्रकरण त्याने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि कुणी कुणाला ‘तू असं करायला हवं होतंस’ म्हणायचं नाही.

आज समुपदेशक बोलला. निरीक्षणगृहातला सोळा वर्षांचा मुलगा, चोरीच्या गुन्ह्यातला. तीन भेटी चांगल्या झाल्या, चौथ्या भेटीत मुलाने त्याला शिवी दिली आणि तोंड फिरवून बसला. समुपदेशक रात्रभर झोपला नव्हता. सांगता सांगता तो म्हणाला, “सर, मला वाटलं मी या कामाच्या लायकीचा नाही.” सर म्हणजे आमचे विधी अधिकारी, त्यांनी एवढंच विचारलं, चौथ्या भेटीच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? कागद काढून बघितला तर आदल्या दिवशी जामिनाच्या सुनावणीला मुलाचे वडील आलेच नव्हते. शिवी समुपदेशकासाठी नव्हती. वडिलांवरचा राग घरच्यासारख्या वाटलेल्या पहिल्या माणसावर निघाला होता. समुपदेशकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. पाचवी भेट कशी घ्यायची ते त्याचं त्यानेच ठरवलं.

माझं मत इथे पक्कं झालंय. शिक्षण माणसाला या कामात टिकवतं ते एवढ्यासाठी, की मूल अंगावर आलं तर त्याचा अर्थ लावता येतो, तो अपमान म्हणून घरी न्यावा लागत नाही. ज्याला हे शिकवलेलं नाही तो वर्षभरात एकतर निघून जातो किंवा राहतो आणि निबर होतो. निबर झालेला माणूस नोंदवहीत ‘टिकलेला’ दिसतो, मुलाच्या लेखी तो गेलेलाच असतो. पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. नीट शिकलेल्याला कळतं की काम कसं व्हायला हवं. त्याला दिवसभर तक्ते भरायला लावले, प्रकरणावर बोलायला माणूस दिलं नाही, मानधन तीन-तीन महिने थकवलं, तर सगळ्यात आधी तोच जातो. पदवीमुळे त्याला बाहेरची दारं उघडी असतात. अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीवाल्या मुलांच्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा आलंय. बांधिलकीची मुदत संपल्यावर कोण राहणार हे वरिष्ठ कसा आहे आणि कामाचा बोजा किती आहे यावर ठरतं. महाविद्यालयाने दोन वर्षं दर आठवड्याला जे दिलं ते नोकरीने पहिल्याच दिवशी काढून घेतलं, तर शिक्षणाने तरी किती पुरावं?

म्हणून माझी मागणी पदवीपुरती नाही. भरतीत समाजकार्याचं शिक्षण हवंच, आणि त्याबरोबर दर कक्षात देखरेखीचा तास हा कामाचा भाग म्हणून लेखी हवा. काकांसारख्यांना पगारी रजा देऊन शिकवायला हवं. बेंगळुरूच्या निम्हान्समधून ‘संवाद’ या उपक्रमाची प्रशिक्षणं होतात, त्या प्रशिक्षणांना कुणाला पाठवायची वेळ येते तेव्हा ‘कामाचा खोळंबा होईल’ म्हणून नाव कापू नये. हे सगळं जिल्हा बाल संरक्षण समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी घातलंय.

सहा

सगळे निघाल्यावर कार्यकर्ती थांबली. पुण्याहून फोन होता, शिक्षण क्षेत्रातल्या एका संस्थेत जागा आहे, पगार दुपटीच्या जवळ. घरी कर्ज आहे, धाकट्या भावाची फी आहे. मी तिला ‘जाऊ नको’ म्हटलं नाही. तो अधिकार मला नाही. तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही कशा राहिलात?” मी सांगितलं, माझ्या पहिल्या नोकरीत बालगृहाच्या अधीक्षक बाई दर शनिवारी दोन तास माझ्या नोंदी वाचायच्या, लाल शाईने प्रश्न लिहायच्या. पगार तेव्हाही तुटपुंजाच होता. पण आपण करतोय त्यातलं काही वाया जात नाही, कुणीतरी बघतंय, हे मला माहीत होतं. आणि हेही सांगितलं की माझ्या घरात दुसरा पगार होता. तो नसता तर मीही राहू शकले नसते. हे लपवून तिला त्यागाची शिकवण देणं मला जमणार नाही.

पावणेआठ

1098 वरून कक्षाला फोन. बसस्थानकावर बहीण-भाऊ, सात आणि चार वर्षांचे, सोबत कुणी नाही, दोघंही कन्नडमिश्रित हिंदी बोलतायत. काका मोटारसायकल काढून निघाले. पोलीस ठाण्यात नोंद, वैद्यकीय तपासणी, रात्री बालगृहात तात्पुरता प्रवेश, उद्या अकराला समिती. लहानाला ताईपासून वेगळं करू नका, एकाच खोलीत झोपवा, असं मी अधीक्षकांना फोनवर सांगितलं. कन्नड येणारं कोण, याची शोधाशोध सुरू झाली. स्थानकासमोरच्या उडुपी हॉटेलचे मालक यायला तयार झाले.

कार्यकर्ती अजून ऑफिसातच होती. नवी फाईल घेऊन तिने वर तारीख घातली. प्रकरण कोणाकडे लिहू, असं मी विचारलं. तिने स्वतःचं नाव लिहायला सांगितलं आणि म्हणाली, “एकतीस मार्चचं तेवढं बघा मॅडम.” मुदतवाढीच्या प्रस्तावाचा मसुदा माझ्या टेबलावर होता. त्यात या दोन मुलांच्या प्रकरणाचा आणि सकाळच्या मुलीचा उल्लेख घातला, कार्यकर्ता बदलल्यास तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल असं वाक्य लिहिलं आणि सहीसाठी सकाळच्या टपालात लावलं.